मामांच्या यादीतला बुधवार

सोमवारी सकाळी मामा गेले. दुपारी बारा वाजता शेठजींच्या फोनवर मेसेज आला, तेव्हा शेठजी मामांच्याच ओट्यावर बसले होते. 'आज मामांना न्यायचे आहे. दीड वाजता.' शेठजींनी तो वाचला, मला दाखवला आणि फोन खिशात ठेवला. डिंगोऱ्याहून मामांचे भाऊ यायचे होते. आम्ही त्यांची वाट पाहत होतो.

तो मेसेज मामांनीच लावून ठेवलेला होता. दर सोमवारी बाराला शेठजींना, बुधवारी मला, शुक्रवारी फिजिक्सच्या सरांना. मामांना मंचरला डायलिसिसला न्यायचे आमचे वार ठरलेले होते आणि त्याची आठवण कॉलेजचे मशीन करून देत असे.

आमच्या भागात कॉलेजातल्या शिपायाला, परिचराला मामाच म्हणतात. आमच्याकडे असे चार मामा होते. बाकीच्या तिघांच्या मागे नाव जोडावे लागे. नुसते 'मामा' म्हटले की हे. हुद्दा प्रयोगशाळा परिचराचा. कॉम्प्युटर लॅबचे कुलूप उघडायचे, टेबले पुसायची, संध्याकाळी पंखे बंद करायचे. लॅबच्या एका सरांनी त्यांना लिनक्स शिकवले आणि ते सर पुढे पुण्याला निघून गेले. मामा राहिले, आणि हळूहळू कॉलेजचे मशीन, म्हणजे रात्रंदिवस चालू राहणारा मुख्य कॉम्प्युटर, त्यांच्याच हाताखाली आले. ते मशीन ग्रंथालयात माझ्या टेबलामागे होते, कारण इन्व्हर्टर तिथेच होता. त्यामुळे तेरा वर्षे मामा रोज सकाळी माझ्या पाठीशी स्टुलावर बसून काळ्या पडद्यावरच्या ओळी वाचत असत. मी ग्रंथपाल. त्यांच्याहून वयाने सात-आठ वर्षांनी लहान. तरी ते मला 'बाई' आणि 'तुमी' म्हणत.

कोणतेही काम हाताने तिसऱ्यांदा करायचे नाही, हा त्यांचा नियम होता. "एकदा केलं, शिकलो. दोनदा केलं, पक्कं झालं. आता तिसऱ्यांदा हातानं करायचं म्हंजे आपुन बैल." मग ते काम यादीत जाई. क्रॉन हे तिचे खरे नाव, पण मामा नुसते 'यादी'च म्हणत. एका ओळीला एक काम. ओळीच्या सुरुवातीला पाच रकाने : मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. ज्या रकान्यात आकडा नको तिथे चांदणी घालायची. चांदणी म्हणजे 'कुठलाही चालेल'. मशीन दर मिनिटाला ती यादी पाहते आणि ज्या ओळीची वेळ भरली असेल ते काम करून टाकते. ग्रंथालयाच्या नोंदींची प्रत काढणे, मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी मला पाठवणे, आणि तासांची घंटा. घंटा वाजवणारे मामा निवृत्त झाल्यावर नवी नेमणूक झालीच नाही, तेव्हा आमच्या मामांनी ती स्पीकरवर आणि यादीत घातली.

पहिल्या वर्षी त्या घंटेने कॉलेजला हसवले होते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अकराला शिक्षकांच्या सभेची घंटा हवी, असे प्राचार्यांनी सांगितले. मामांनी तारखेच्या रकान्यात एक ते सात घातले आणि वाराच्या रकान्यात शनिवार. पहिल्या सात दिवसांत जो शनिवार येईल तो, असा त्यांचा हिशेब. एक तारीख मंगळवारी आली. अकराला घंटा झाली. सगळे डायऱ्या घेऊन सभागृहात जमले आणि प्राचार्य पंचायत समितीत. बुधवारी पुन्हा घंटा. निम्मे जमले. गुरुवारी मात्र कोणीच गेले नाही, एक फिजिक्सचे सर सोडून. ते अर्धा तास रिकाम्या सभागृहात बसून आले. मी त्यांना विचारले, "सर, तुम्हाला कळलं नाही का, मशीन चुकतंय?"

"कळलं होतं," सर म्हणाले. "पण घंटा झाली की जायचं. का झाली ते मागून विचारायचं."

मामांनी दोन दिवस खपून चूक शोधली आणि मला खुर्ची फिरवायला लावून दाखवली. "बघा बाई. तारीख बी भरली आन् वार बी भरला, की मशीन 'हे न्हाईतर ते' असं धरतंय. आपुन धरतो 'हे बी आन् ते बी'. म्हणून ते सात दिस बी वाजवणार आन् वरनं सगळे शनिवार बी." मग त्यांनी तारखेचा रकाना चांदणीवर सोडला आणि आज सातच्या आतली तारीख आहे का, हे मशीनने घंटेआधी पाहावे अशी सोय केली. फिजिक्सच्या सरांपाशी जाऊन त्यांनी माफी मागितली. इतर कुणाची मागितली नाही. "बाकीच्यांना गप्पा मारायला कारण तरी मिळालं," म्हणाले.

मामांचे घराणे मेंढरांचे. त्यांचे थोरले भाऊ अजून दिवाळीनंतर मेंढरे घेऊन बाहेर पडतात. मामा लग्नानंतर महाळुंगे पडवळला सासुरवाडीच्या गावी घर बांधून राहिले, पण मशीनची देखरेख ते मेंढरांसारखीच करत. सकाळी आल्यावर मी म्हणे, "मामा, प्रती निघाल्यात. चारशे बारा फायली, कालच्याइतक्याच." त्यांचे समाधान होत नसे. ते त्यातल्या पाच-सहा फायली उघडून वाचत. "मेंढरं मोजत न्हाईत बाई, वळखत्यात. मोजून पुरी भरली तरी त्यात एखादं दुसऱ्याचं असतंय." एकदा खरोखरच आकडा बरोबर भरला होता आणि निम्म्या फायली आतून कोऱ्या होत्या. डिस्क भरली होती. तेव्हापासून मीही फायली उघडून पाहू लागले. मला ते काम आवडत नसे. मला वाचायला हवे असे ते वेगळे. पण मामा म्हणत, "तुमी शिकून ठिवा. दोघांना यावं. एकालाच येतंय ते काम धोक्याचं."

त्यांचे आणखी एक सांगणे मी अजून पाळते. हाताने चालवलेले काम यादीत घातले की कधी कधी चालत नाही. मला ते कळेना. मामा म्हणाले, "तुमी हातानं चालवता तवा मशीन तुमच्या घरात असतं. चमचा कुठं, पातेलं कुठं, सगळं म्हाईत. यादी चालवती तवा ते परक्या घरात असतं. त्याला पुरा पत्ता द्यायचा, पार उंबऱ्यापासनं." मी प्रत्येक फायलीचा पुरा पत्ता लिहू लागले. काम चालू लागले.

निवृत्तीला दोन वर्षे राहिली असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मंचरच्या दवाखान्यात त्यांना दुपारी दोनची वेळ मिळाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार; प्रत्येक वेळी चार तास. मधल्या दिवशी ते कॉलेजात येत. प्राचार्यांनी हजेरीचे काही मनावर घेतले नाही. पहिल्या मंगळवारी स्टुलावर बसता बसता मामा म्हणाले, "आपल्याला बी यादीत घातलं बाई. हितं चांदणी न्हाई. तीन वार, आन् मरंपतूर."

त्यांच्याकडे गाडी नव्हती. डायलिसिसनंतर उभे राहवत नसे. पहिले दोन महिने ते कुणाला ना कुणाला फोन करत, म्हणजे एकदा वाजू देत आणि तोडत. मग आम्ही तिघांनी वार वाटून घेतले. शेठजींचे कळंबला स्टेशनरीचे दुकान. आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठजी इथल्याच शाळेत मामांच्या वर्गात होते. त्यांनी सोमवार घेतला. फिजिक्सच्या सरांनी शुक्रवार. बुधवारी मला दुपारची सुट्टी असे, म्हणून बुधवार माझा. आता फोनची गरज नव्हती. तरी मामांनी मेसेजची सोय केली आणि आम्हाला एकत्र बसवून समजावून सांगितली.

"दर खेपेला म्या इचारायचं, तुमी हो म्हणायचं. असं धा खेपा चालतं. मग माणूस कंटाळतो, आन् कंटाळल्याचं दाखवता येत न्हाई म्हणून आनखी कंटाळतो. मशीननं बोलावलं की राग मशीनवर. जमत नसंल तर फोन करून 'न्हाई' म्हणायचं. कारण सांगायचं न्हाई. कारण सांगायला लागलं की माणूस खोटं बोलतो."

"मामा," शेठजी म्हणाले, "पण नुसतं 'न्यायचे आहे' काय? 'कृपया' तरी घाला."

"मशीन कशाला पाया पडंल कुणाच्या?"

दीड वर्ष हे चालले. बुधवारी बाराला मेसेज येई. मी कपाट बंद करून डबा खाई आणि महाळुंग्याला जाई. मामा ओट्यावर तयार बसलेले असत, मांडीवर पिशवी आणि पिशवीत घोंगडीचा एक तुकडा. रक्त बाहेर फिरून येते तेव्हा थंडी वाजते, म्हणून. सिस्टर रागावत, "मामा, किती केस गळतात याचे! दवाखान्याचं ब्लँकेट घ्या ना."

"सिस्टर, तुमच्या एसीला तुमचं ब्लँकेट भ्यालंय. ही घोंगडी भिणारी न्हाई."

मामी मला दर वेळी पाणी विचारत आणि मग मामांकडे पाहून ओशाळत, कारण मामांना पाणी मोजून होते. मी त्यांच्यासमोर पाणी पिणे बंद केले. गाडीत ते थोडेच बोलत. मी काय वाचते आहे ते मात्र विचारत. परतताना डोळे मिटून बसत, आणि कळंबला डावीकडे वळलो की न पाहताच म्हणत, "आलं घर."

मी चार तास व्हरांड्यातल्या बाकावर बसे. पुस्तक सोबत असे. पान पुढे सरकत नसे. दीड वर्षात मी दमले, हे लिहायला मला आता संकोच नाही. एक दिवसही न दमणारे लोक असतात. फिजिक्सचे सर तसे आहेत. मी तशी नाही. मेसेज आला की मी तो दोनदा वाचत असे, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यात वेगळे काही असेल. आणि मी एकदाही फोन करून 'नाही' म्हटले नाही. कारण सांगायचे नव्हते, तरीही नाही.

एका बुधवारी नाशिकहून बहिणीचा फोन आला. तिच्याकडे काही कार्यक्रम होता, मी येते का विचारत होती. मी मामांच्या पलंगापाशी पडद्याबाहेर उभी होते. मामांचे डोळे मिटलेले होते. मी हळू आवाजात म्हटले, "बुधवारचं मला विचारूच नकोस गं. माझा बुधवार माझा राहिलेलाच नाही." एवढेच म्हटले. परतताना मामा नेहमीपेक्षा जास्त बोलले. वाचत असलेल्या कादंबरीतल्या माणसाचे पुढे काय झाले ते विचारले. मी सांगितले, मी अजून तिथवर पोहोचले नाही.

पुढच्या बुधवारी मेसेज आला नाही.

मी सव्वाबारापर्यंत फोन पाहिला. लॅबला एक नवे सर आले होते आणि त्यांच्याकडे गाडी होती. बहुतेक त्यांनी एक दिवस घेतला असेल, असे मला वाटले. म्हणजे मला तसे वाटून घ्यायचे होते. मी घरी गेले आणि संध्याकाळपर्यंत वाचत पडले. गुरुवारी मामा आले तेव्हा मी विचारले, "काल कसं झालं मामा?"

"झालं की. नेहमीचंच."

कोणी नेले, हे मी विचारले नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही मेसेज नव्हता. असे सात बुधवार. दर गुरुवारी मी तोच प्रश्न विचारला आणि त्यांनी तेच उत्तर दिले. त्या सात बुधवारी मी अडीच पुस्तके वाचली. सातव्या बुधवारानंतरचा सोमवार म्हणजे सुरुवातीला लिहिलेला, मामा गेले तो.

अकराव्या दिवशी प्राचार्य ग्रंथालयात आले. परीक्षेचे वेळापत्रक लागले होते आणि घंटा जुन्याच वेळेला वाजत होत्या. "मामांनी तुम्हाला शिकवलं होतं ना? बघता का जरा." मी स्टुलावर बसले आणि यादी उघडली.

मामांच्या यादीत प्रत्येक कामाच्या वर एक टिपण असे. ओळीच्या आरंभी जाळीसारखी एक खूण केली की मशीन ती ओळ वाचत नाही. माणसासाठी सोडून देते. कोणते काम कधी लावले, का लावले, हे ते तिथे मराठीत लिहीत. एखादे काम थांबवायचे असेल तर ते पुसत नसत. त्याच्याच पुढे ती खूण घालत, म्हणजे मशीनसाठी ते काम झाकले जाई. "पुसलं की का थांबवलं ते बी पुसतं," असे म्हणत. मी घंटेच्या ओळी शोधत खाली आले. सोमवारची ओळ होती, शेठजींची. शुक्रवारची होती. मधल्या ओळीपुढे खूण होती. वर लिहिले होते :

'बुधवार. बाईंचा दिवस बाईंना परत. एसटीने जाणे. बाईंनी विचारल्यास नेहमीचंच म्हणणे.'

तारीख पाहायची गरज नव्हती. तरी मी पाहिली. बहिणीचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती. म्हणजे गुरुवारी सकाळी माझ्याच पाठीशी बसून त्यांनी ती ओळ झाकली होती.

त्या दिवशी घंटा बदलून झाल्यावर मी महाळुंग्याला गेले. मामींना विचारले, बुधवारी मामा कसे जायचे. मामींना आधी माझा प्रश्नच कळला नाही.

"एसटीनं की. हितनं जीपनं कळंबला, मग फाट्यावरनं गाडी मिळायची. जाताना काय न्हाई. येताना लई दमायचे. मी फाट्यावर जाऊन बसायची. कधी गाडी भरलेली यायची तर उभं ऱ्हाऊन यायचे. उतरले की तितंच दगडावर बसायचे, इस-पंचवीस मिनटं. मग आमी यायचो." त्या थोड्या थांबल्या. "तुमाला ठावं न्हवतं व्हय? ते म्हणले, बाईंचं काम वाढलंय."

"नव्हतं," मी म्हणाले.

"तुमी तरी किती करायचं, बाई," मामी म्हणाल्या. त्यांनी ते मनापासून म्हटले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला घरी जाता आले असते.

शेठजींच्या दुकानात गेले तेव्हा ते खाली पाहून वह्यांचे गठ्ठे लावत राहिले. त्यांना माहीत होते. "मी एकदा फाट्यावर पाहिलं त्यांना. बसलेले. मी म्हटलं, मामा, मला सांगायचं ना, बुधवारी पण मी नेतो. तर म्हणाले, 'शेठजी, एकाच मेंढीची लोकर एका हंगामात दोनदा कातरत न्हाईत. खालची कातडी निघती.' वर शपथ घातली, बाईंना सांगायचं नाही म्हणून." गठ्ठा सरळ करून ते म्हणाले, "शपथ मोडायला हवी होती का, बाई? मी रोज विचार करतो."

मोडली असती तर मी बुधवारी परत गेले असते, हे नक्की. आनंदाने गेले असते का, हे नक्की नाही, आणि मामांना तेवढे ओळखता येत होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही मी भेटले. मामांची एकही तारीख चुकली नव्हती. शुक्रवार ते सोमवार हे अंतर सगळ्यात मोठे, त्या टप्प्यात हृदय थांबते, असे बऱ्याच जणांचे होते, एसटीचा त्याच्याशी संबंध लावू नका, असे ते म्हणाले. मी ते ऐकून घेतले. माझा प्रश्न मृत्यूबद्दल नव्हता. सात बुधवार एक माणूस कळंबच्या फाट्यावर बसून दम घेत होता आणि तेवढा वेळ मी पाच मैलांवर उशीला टेकून वाचत होते, याबद्दल होता. तो प्रश्न डॉक्टरांना विचारण्यासारखा नाही.

यादी आता मी सांभाळते. सकाळी पाच-सहा फायली उघडून वाचते. सोमवारची आणि शुक्रवारची ओळ मी झाकली आणि वर कारण लिहिले : 'मामा नाहीत.' बुधवारच्या ओळीला हात लावला नाही. नवे परिचर आले आहेत, तरुण आहेत, त्यांना मामा म्हणायला अजून कुणाची जीभ वळत नाही. घंटा वेळेवर होते. फिजिक्सचे सर शुक्रवारी अजून एकला कॉलेजातून बाहेर पडतात; कुठे जातात ते मी विचारलेले नाही. बुधवारी दुपारी मी मोकळी असते.